महाशिवरात्र की २३ फेब्रुवारी?

२३ फेब्रुवारीच्या ‘दिनविशेष’ सदरात कोण कोण दाटीवाटीनं बसतं पाहा: १८२१ साली कवी कीट्सचं निधन, १९०५ साली शिकागोत रोटरीची स्थापना, १९६९ साली मधुबालाचा मृत्यू आणि १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात डेबूजीचा, म्हणजे गाडगेबाबांचा जन्म. नामवंत हजारो आणि वर्षाचे दिवस ३६५, तेव्हा कुठल्याही तारखेला एवढी गर्दी होणारच. त्यात दैवी संकेत शोधायचं कारण नाही. पण कोण कोणाच्या शेजारी येणार हे कालगणनेवर ठरतं, आणि कोणती कालगणना धरायची हे आपल्या हातात असतं.

मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामांकडे वाढलेल्या डेबूचा जन्म महाशिवरात्रीचा, असं सांगतात. संतचरित्रात असे योग भक्त जुळवतात, म्हणून शंका रास्तच. मात्र तिथी आणि तारीख साधारण १९ वर्षांनी पुन्हा एकत्र येतात. २००९ साली महाशिवरात्र २३ फेब्रुवारीलाच होती; तिथून १९ वर्षांचे सात टप्पे मागे गेलं की येतं १८७६. यानं जन्मवेळ सिद्ध होत नाही, कारण तिथीवरूनच पुढे कोणी तारीख काढली असेल. दोन्ही गोष्टी एकमेकींना खोटं पाडत नाहीत, इतकंच.

मग जयंती तिथीनं का करू नये? ज्या घरात तो जन्मला तिथं तारखेपेक्षा तिथीच जवळची, हा आक्षेप वजनदार आहे. तरी मला तारीखच बरी वाटते. महाशिवरात्रीला लोक उपासात आणि शंकराच्या देवळात गुंतलेले. नवस-सायासांवर कीर्तनातून कोरडे ओढणाऱ्या माणसाची आठवण त्या रांगेत हरवून जाईल. यावर कोणी म्हणेल, बाबा तर जत्रेतच जात, खराटा घेऊन. खरं आहे, पण ते जात झाडायला. स्वतःची जत्रा भरवायला नव्हे. मूर्तिजापुरातही त्यांनी मागं ठेवलं ते गोरक्षण, धर्मशाळा आणि विद्यालय. अशा कामाचा हिशेब मांडायला एक मोकळा, कामाचा दिवस हवा, आणि तो तारीख देते. (पुण्यतिथीही आपण २० डिसेंबर धरूनच करतो, हेही लक्षात घ्यावं.)

२०२८ साली महाशिवरात्र पुन्हा २३ फेब्रुवारीला येते आहे. त्या दिवशी देवळासमोरच्या पत्रावळी उचलायला जयंती समितीची माणसं आली, तर तिथीवाल्यांशी माझं भांडण नाही.