रणजी करंडक बाद फेरीचे वेळापत्रक आणि गोलंदाजांची विश्रांती

रणजी करंडक स्पर्धेच्या बाद फेरीत उपांत्यपूर्व, उपांत्य व अंतिम असे तीन पाचदिवसीय सामने थोड्या दिवसांच्या अंतराने खेळले जातात. दोन सामन्यांमध्ये मिळणाऱ्या विश्रांतीच्या दिवसांवर संघातील गोलंदाजांची निवड, त्यांच्याकडून टाकून घ्यायची षटके आणि काही वेळा फलंदाजीचे धोरणही अवलंबून असते. २०२३-२४ च्या मोसमात मुंबई व विदर्भ हे महाराष्ट्रातील दोन संघ अंतिम सामन्यात पोहोचले, तेव्हा या प्रश्नाची जाहीर चर्चा झाली.

बेसबॉलशी तुलना

हा प्रश्न सर्वांत काटेकोरपणे हाताळला जातो तो बेसबॉलमध्ये. अमेरिकेतील व्यावसायिक संघ साधारणपणे पाच सुरुवातीचे पिचर ठेवतात. सामना जवळजवळ रोज असल्याने प्रत्येकाला चार-पाच दिवसांची विश्रांती मिळून पुन्हा पाळी येते. बाद फेरीत प्रवासासाठी मोकळे दिवस असल्याने चार, क्वचित तीनच पिचरांवर भागते. २००१ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये ॲरिझोनाच्या कर्ट शिलिंगने पहिला, चौथा व सातवा असे तीन सामने सुरू केले. २०२० मध्ये महामारीमुळे वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या दोन फेऱ्यांतील मालिका मोकळ्या दिवसांविना खेळवल्या गेल्या, तेव्हा संघांना अधिक पिचर वापरावे लागले.

क्रिकेटमध्ये ही सोय नाही. दमलेल्या गोलंदाजाच्या जागी सामना चालू असताना दुसरा गोलंदाज आणता येत नाही. अकरांतील चार-पाच जणांनीच दोन्ही डाव निभवायचे असतात. पूर्वी कसोटी सामन्यातच एक विश्रांतीचा दिवस असे. ती प्रथा १९९० च्या दशकात जवळजवळ संपली.

२०२३-२४ चा मोसम

या मोसमात एलिट विभागातील प्रत्येक गटात आठ संघ होते. गटात नऊ संघ असले की प्रत्येक फेरीत एका संघाला आपोआप सुट्टी मिळते. आठ संघांत ती मिळत नाही. चारदिवसीय साखळी सामने ५ जानेवारी २०२४ पासून दर शुक्रवारी सुरू होत, म्हणजे दोन सामन्यांत तीनच दिवस उरत आणि त्यांतलाही एखादा प्रवासात जाई. बाद फेरीतही अंतर तेच राहिले: उपांत्यपूर्व सामने २३ ते २७ फेब्रुवारी, उपांत्य २ ते ६ मार्च, अंतिम १० ते १४ मार्च. अंतिम फेरी गाठणाऱ्या संघासाठी ७० दिवसांत खेळाचे ४३ दिवस नियोजित होते.

तमिळनाडूविरुद्धच्या उपांत्य सामन्यात शतक झळकावल्यानंतर मुंबईचा जलदगती गोलंदाज शार्दूल ठाकूर याने या वेळापत्रकावर उघड टीका केली. आणखी दोन मोसम असेच चालले तर देशभरातील खेळाडूंना दुखापती होतील, असे त्याचे म्हणणे होते. ही तक्रार केवळ थकव्याची नव्हती. चेंडू टाकताना जलदगती गोलंदाजाच्या पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो; कमरेच्या मणक्याला बारीक तडा जाण्याची दुखापत याच वर्गात विशेष आढळते, आणि तिला बरे होण्यास महिने लागतात.

मुंबई-विदर्भ अंतिम सामना

वेळापत्रक दोन्ही संघांना एकच होते, विश्रांती मात्र सारखी मिळाली नाही. मुंबईने तमिळनाडूला तिसऱ्याच दिवशी डावाने हरवले आणि पाच मोकळे दिवस मिळवले. वांद्रे-कुर्ला संकुलातून वानखेडेवर जायचे असल्याने प्रवासही नव्हता. नागपुरात मध्य प्रदेशाला नमवण्यासाठी विदर्भाला पाचव्या दिवसापर्यंत गोलंदाजी करावी लागली. त्यांच्या हाती तीन दिवस उरले आणि त्यांतच मुंबई गाठायची होती.

तरीही निकालाचे खापर केवळ वेळापत्रकावर फोडणे योग्य ठरणार नाही. पहिल्या दिवशी विदर्भाच्या गोलंदाजांनी मुंबईला २२४ धावांत रोखले. खरा घाव बसला तो त्यानंतर. विदर्भाचा डाव १०५ धावांत, ४६ षटकेही पूर्ण न होता संपला आणि तेच गोलंदाज दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात उतरले. मुशीर खानच्या १३६ धावांच्या बळावर मुंबईने ४१८ धावा केल्या आणि सुमारे १३० षटके खेळून काढली. तेवढा वेळ मुंबईच्या गोलंदाजांना विसावा मिळाला. चौथ्या डावात विदर्भाने कर्णधार अक्षय वाडकरच्या शतकासह चिवट झुंज दिली, तेव्हा तनुष कोटियन व शम्स मुलाणी या फिरकी गोलंदाजांनी बराचसा भार उचलला. मुंबई १६९ धावांनी जिंकली. हे तिचे ४२ वे विजेतेपद.

पहिल्या डावातील आघाडी

बाद फेरीतील सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावातील आघाडीवर निकाल लागतो. त्यामुळे आघाडी घेतलेल्या संघाला वीस बळी घेण्याची सक्ती नसते. तो फलंदाजी लांबवून आपल्या गोलंदाजांना जपू शकतो. बडोद्याविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात मुंबईने ३६ धावांच्या आघाडीनंतर दुसऱ्या डावात ५६९ धावा उभारल्या. त्यात दहाव्या व अकराव्या क्रमांकावर आलेल्या तनुष कोटियन व तुषार देशपांडे यांची शतके होती. त्यांतील देशपांडे हा जलदगती गोलंदाज. विसाव्याचे तास त्याने खेळपट्टीवरच घालवले!

२०२४-२५ पासून साखळी फेरीचे दोन टप्पे करण्यात आले: पाच सामने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये व उरलेले दोन जानेवारीअखेरीस. बाद फेरीतील अंतरही तीनऐवजी चार दिवसांचे झाले. त्या मोसमात विदर्भाने उपांत्य सामन्यात मुंबईलाच हरवले आणि नागपुरात केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात ३७ धावांची आघाडी मिळवली. त्यानंतर संघ अखेरच्या दिवसापर्यंत फलंदाजी करीत राहिला आणि सामना थांबला तेव्हा धावफलकावर ९ बाद ३७५ धावा होत्या. विदर्भाच्या गोलंदाजांना दुसऱ्यांदा चेंडू हाती घ्यावाच लागला नाही.