कामाचे प्रशिक्षण आणि आभासी वास्तव : निवड कशी करावी?

नवे यंत्र बाजारात आले म्हणून ते प्रशिक्षणात आणावे काय? हा निर्णय यंत्राकडे पाहून नव्हे, तर कामाकडे पाहून घ्यावयाचा असतो.

मूळ कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ साली वैमानिकांसाठी जमिनीवरील सराव-यंत्र बनविले. १९३४ साली टपाल वाहून नेताना अनेक सैनिकी वैमानिक अपघातांत मरण पावले, तेव्हा तेथील सैन्याने ती यंत्रे विकत घेतली.

आभासी वास्तवात डोळ्यांवरील उपकरण संपूर्ण कृत्रिम परिसर दाखविते. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेरेमी बेलेनसन यांच्या मते प्रत्यक्ष सराव धोकादायक, अशक्य, अपायकारक किंवा अतिखर्चिक असेल, तेथेच ते वापरावे. वॉलमार्टने २०१७ साली सणासुदीच्या गर्दीचा सराव असा दिला; कारण खरी गर्दी हवी तेव्हा जमविता येत नाही.

संवर्धित वास्तवात खरे काम समोरच राहते व त्यावर सूचना उमटतात. बोइंगमध्ये १९९०च्या सुमारास विमानातील तारांच्या जुळणीसाठी हा विचार पुढे आला. क्रम चुकण्याचा संभव असलेल्या कामास तो साजेसा आहे.

मात्र अवजाराचे वजन व स्पर्श पडद्यावर कळत नाहीत, काहींना मळमळते. उपकरणेही कालबाह्य होतात : मायक्रोसॉफ्टने २०२४ साली होलोलेन्स २ चे उत्पादन थांबविले.

म्हणून आधी थोड्या कामगारांवर प्रयोग करावा, निम्म्यांना जुन्या पद्धतीने शिकवावे आणि काही आठवड्यांनी सर्वांची प्रत्यक्ष कामावर परीक्षा घ्यावी. कामगाराची सुरक्षितता वाढली, तरच खर्च सार्थकी लागला असे समजावे.