लाल ठिपका म्हणजे वणवाच असतो का?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक नकाशा केला होता. खामगाव-बुलढाणा परिसर, फेब्रुवारी ते मे, सॅटेलाइटने टिपलेली प्रत्येक आग म्हणजे एक लाल ठिपका. ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेने ठिपक्यांची नुसती गर्दी! मी खुशीत गाईडसरांना म्हटलं, "सर, वणव्यांनी जंगलाला वेढा घातलाय." त्यांनी एवढंच विचारलं, "यातले शेतातले किती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही रिसर्चची तयारी करत असाल तर ही चूक माझ्या खर्चाने शिकून घ्या.

ठिपका येतो कुठून?

नासाच्या फर्म्स या वेबसाइटवर हा डेटा कुणालाही फुकट मिळतो. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्थाही असाच डेटा वापरून राज्यांच्या वनविभागांना अलर्ट पाठवते. यातला व्हिअर्स नावाचा सेन्सर आपल्यावरून साधारण दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास जातो आणि जमिनीची उष्णता मोजतो. त्याचा एक पिक्सेल ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे १४ हेक्टर, आपल्या हिशेबात ३५ एकर. त्या ३५ एकरांत कुठेही आसपासच्या मानाने फार तापलेलं काही सापडलं, की पिक्सेलच्या मधोमध ठिपका पडतो. काय पेटलंय आणि किती पेटलंय, हे ठिपका सांगत नाही.

आता आपल्याकडचा उन्हाळा आठवा. कापूस संपला की पऱ्हाटी उपटून पेटवतात. काडीकचरा, धुऱ्यावरचं वाळलेलं गवत, सगळं पेरणीच्या आत जाळायचं असतं. जंगलाला लागूनच शेतं आहेत. मग कडेवरचा ठिपका नेमका कुणाचा? उलटही होतं. सकाळी आठला लागून अकराला विझवलेला वणवा या सेन्सरला दिसतच नाही.

मी परत बसलो. वनहद्दीचा थर नकाशावर टाकला, कडेवरचे ठिपके वेगळे काढले. सेंटिनेल-२ च्या आधीच्या आणि नंतरच्या प्रतिमांत जळाल्याचे डाग शोधले. तिथे २० मीटरपर्यंतचा तपशील मिळतो. उरलेल्या शंकेसाठी मोटरसायकल आणि जीपीएस. माझे बरेचसे 'वणवे' धुऱ्यावरच विझले. जंगलातले खरे वणवे उरले, पण वेढा उरला नाही.

दुष्काळात वणवे वाढतातच का?

माझं मूळ गृहीतक हेच होतं. कॅलिफोर्नियाच्या बातम्या वाचून ते सुचलं होतं. तिथल्या डोंगरी जंगलांत दुष्काळाने उभी झाडं वाळतात आणि आग शेंड्यापर्यंत चढते. आपलं जंगल शुष्क पानझडीचं. साग, सालई, धावडा. पाऊस कसाही होवो, मार्चपर्यंत पाचोळा कोरडा ठणठणीत असतो. आग जमिनीलगत सरकते. मोठी झाडं बहुतेक वाचतात, पण रोपटी आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात.

म्हणून 'किती वाळलंय?' एवढंच विचारून भागत नाही. 'जळायला आहे किती?' हेही विचारावं लागतं. चांगल्या पावसाने गवत माजतं. दुष्काळात गवतच कमी, आणि असेल ते गुरं संपवतात. २०१८ मध्ये सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपल्या जिल्ह्यातले तालुकेही होते. पुढच्या उन्हाळ्यात वणवे वाढले असतील असं आधीच धरून चालता येत नाही. आदल्या पावसाळ्याचा पाऊस आणि पुढच्या उन्हाळ्यात जळालेलं क्षेत्र शेजारी-शेजारी मांडावं लागतं. त्यातही व्हिअर्सचा डेटा २०१२ पासूनचा. एवढ्या काळात दुष्काळी वर्षं मोजकीच, म्हणून निष्कर्षही जपूनच काढायचा.

एवढा कीस कशाला?

मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि त्यातून कधी वणवा पसरतो, हे खरं आहे. पण धुऱ्यावरचा ठिपका वणवा म्हणून मोजला, तर भलत्याच गावावर ठपका येतो. आग अडवायला जाळरेषा काढायची ती चुकीच्या जागी निघते, आणि खरा वणवा लागतो तिथे माणसं कमी पडतात.

म्हणून सिनॉप्सिस लिहिण्याआधी एक वाक्य कागदावर लिहा: "माझ्या डेटातली एक ओळ म्हणजे प्रत्यक्षात काय?" ते लिहिता आलं नाही, तर आधी तिथे जाऊन या.