वृद्धांचा एकांत आणि घरांतलीं यंत्रें



१८८५ सालीं नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि पुढें बारामती-इंदापूरच्या रानांत ऊंस उभा राहिला. पाण्यामागोमाग माणसें गांवठाण सोडून शेतांतल्या वस्त्यांवर गेलीं. मग मुलगे नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस गेले, आणि कित्येक वस्त्यांवर म्हातारा-म्हातारीच उरलीं. चहूंकडे ऊंस, गांवचा पार दूर.

मुलगा कांचेच्या पडद्याचा मोबाईल आणून देतो. तो बहुधा फडताळांतच पडून राहतो. हा म्हाताऱ्यांचा हट्ट नव्हे. तो पडदा बोटाच्या विद्युद्वाहकतेवर चालतो. विळ्या-खुरप्यानें राठ झालेल्या कोरड्या बोटाचा स्पर्श त्यास पुष्कळदां कळतच नाहीं. मग माणूस जोरानें दाबून धरतो, आणि यंत्र त्याचा भलताच अर्थ घेतें.

कानाचीहि तीच गत. वार्धक्यांत बहुधा उंच पट्टीचे ध्वनि प्रथम हरपतात. ‘स’, ‘फ’, ‘त’ अशीं व्यंजनें निसटतात. तेव्हां आवाज नुसता मोठा केल्यानें गोंगाट वाढतो, शब्द उमगत नाहीं. (ओरडून शिकविणाऱ्या मास्तरांस हें ठाऊक असावें.) आवाज स्वच्छ हवा, आणि बोलणारानें सावकाश बोलावें.

यंत्र रचणारानें जुन्या रेडिओचें बटण पाहावें. फिरवलें कीं ‘टक्’ होतें, बोटास समजतें, आणि त्याची जागा कधीं बदलत नाहीं. तशींच चार मोठीं, उठावाचीं बटणें असावींत. प्रत्येकावर एकेका माणसाचें छायाचित्र. दाबतांच बोलणें सुरू.

मात्र रेडिओ बोलतो, ऐकत नाहीं. नभोवाणीवरच हें सांगणें जरा धाष्ट्र्याचें! बारामतीस विद्या प्रतिष्ठाननें ‘वसुंधरा वाहिनी’ हें सामुदायिक नभोवाणी केंद्र काढलें, त्याचें महत्त्व येथेंच आहे. २००६ च्या सरकारी धोरणानुसार अशा केंद्राचे निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागानें सिद्ध व्हावे लागतात. जात्यावरच्या ओव्या ज्यांना येतात त्या आजीबाईंना तेथें नुसतें श्रोतेपण नको. त्यांचा आवाजहि ऐकूं यावा. शिवाय २०२१ पासून १४५६७ या क्रमांकावर देशभर वृद्धांसाठीं मोफत दूरध्वनि-सेवा आहे. तेथें मनांतलें दुःखहि बोलतां येतें. आंकडे पांचच, पाठ होतात.

त्या चार बटणांपैकीं एक शेजारच्या वस्तीवरील समवयस्काचें ठेवावें. पुण्याचा मुलगा दुपारीं कचेरींत असतो. तो समवयस्क त्या वेळीं मोकळा असतो.