नौसैनिकाशी लग्न ठरलंय?

मिरज-तासगाव भागाला फौजी जावई नवा नाही. नौसैनिकाचं गणित मात्र वेगळं. भरतीनंतरचं प्रशिक्षण ओडिशातल्या आयएनएस चिल्कावर, इंजिनाकडचं पुढचं शिक्षण लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत. खरी कसोटी बोटीवरच्या नेमणुकीची. मुंबई, कारवार वा विशाखापट्टणमला क्वार्टर मिळालं तरी बोट महिनोन् महिने बाहेर असू शकते. भर समुद्रात मोबाइलला रेंज नसते, तेव्हा फोन आला नाही म्हणून धसका घेऊ नका. बोट कधी सुटणार, हे मात्र नणंद-जावांनाही सांगू नका. स्टेटसला तर मुळीच नको. प्रश्न सगळ्या बोटीच्या जिवाचा असतो. नवरा निघण्याआधी जोडखातं उघडा, आश्रितांचं ओळखपत्र, सर्व्हिस नंबर हाताशी ठेवा. बाळंतपणाची सोय त्याच्या रजेवर विसंबून ठेवू नका. अडचण आली तर सांगलीचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे; संकोच न करता जा.