निबंधाचा उपक्रम आणि उपसंहार

गेल्या श्रावणांत माझी पुतणी आमच्या मोहोपाड्याच्या घरीं चार दिवस राहावयास आली होती. ती महाविद्यालयांत संस्कृत घेऊन शिकते. 'दुर्वासांच्या शापानें दुष्यंताचा दोष पुसला जातो काय?' या विषयावर तिला निबंध लिहावयाचा होता. मधला भाग बरा उतरला होता. पण आरंभीं 'कालिदास हा जगांतील एक श्रेष्ठ कवि होय', मग सर विल्यम जोन्सचें १७८९ चें इंग्रजी भाषांतर, मग गटे या जर्मन कवीनें केलेली प्रशंसा. आणि शेवटीं 'अशा रीतीनें शाकुंतल हें नाटक अजरामर झालें आहे.' मीं म्हटलें, "अग, हीं दोन टोकें शाकुंतलावरील कोणत्याही निबंधास चालतील."

ती शांतपणें म्हणाली, "काका, आरंभीं थोरांचें वचन घालावें आणि शेवटीं गौरव करावा, हें आठवींत तुम्हींच ना शिकविलें?"

आरोप खरा होता. तीस वर्षें मीं वर्गांत हाच पाठ दिला. एका मुलानें निबंधाच्या अखेरीस प्रश्न ठेवला, तेव्हां 'समारोप नाहीं' असा तांबड्या शाईनें शेरा मारून दोन गुण कापल्याचेंही मला स्मरतें. ठराविक सांचा असला कीं तपासणाराचे कष्ट वांचतात, एवढाच त्यांतला लाभ. साहित्यविचाराशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

वास्तविक आपल्या मीमांसकांनीं या दोन टोकांस केवढें महत्त्व दिलें आहे! ग्रंथाचें तात्पर्य ठरवितांना उपक्रम व उपसंहार ही जोडी ते प्रथम पाहतात; अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ति हीं गमकें त्यामागून येतात. मंडालेच्या तुरुंगांत १९१०-११ च्या हिंवाळ्यांत लिहिलेल्या व १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्यां'त लोकमान्य टिळकांनीं हीच कसोटी गीतेस लावली. आरंभीं अर्जुन धनुष्य टाकून बसतो, शेवटीं संशय फिटून युद्धास उभा राहतो. मग मधला उपदेश कर्म सोडण्याचा कसा असेल, हा त्यांचा मुद्दा. त्यांचा सिद्धांत कोणास पटो वा न पटो, पण ही कसोटी लिहिणारानें स्वतःच्या लेखासही लावून पाहावी. मधलीं पानें झांकून पहिला व शेवटचा परिच्छेद तेवढा वाचावा. पहिल्यांत कांहीं अडलेलें दिसलें पाहिजे, आणि शेवटीं तें जागचें हललेलें दिसलें पाहिजे.

आम्हीं पुनः पोथी उघडली. महाभारतांतील कथेंत शापही नाहीं आणि अंगठीही नाहीं. राजास सर्व कांहीं आठवत असतें, तरी तो भर सभेंत शकुंतलेस नाकारतो. ही गोष्ट पुतणीच्या निबंधांत तिसऱ्या पानावर दडून बसली होती. ती पहिल्या वाक्यांत आणतांच, मग कवीनें शाप घातला तो कशासाठीं, हा प्रश्न आपोआप उभा राहिला. जोन्स आणि गटे मुकाट्यानें बाहेर गेले.

आपलें मत आरंभींच सांगावें कीं नाहीं, यावर मात्र आमचा वाद झाला. पूर्वपक्ष पुरता मांडल्याशिवाय सिद्धांत बोलूं नये, असें माझें जुनें वळण. तिनें ऐकलें नाहीं. 'शापानें राजाची स्मृति झांकली, स्वभाव नव्हे,' असें तिनें पहिल्याच परिच्छेदांत लिहून टाकलें. पांचव्या अंकांत शकुंतला सभेंत येण्यापूर्वींच हंसपदिकेच्या गाण्यांतून राजाच्या विसराळू प्रेमास टोमणा मिळतो, हा तिचा आधार. मी गप्प बसलों.

उपसंहारास रात्र लागली. सातव्या अंकांत शापाची हकीकत मारीच ऋषींच्या तोंडून कळण्याच्या आधींच दुष्यंत शकुंतलेच्या पायां पडतो, हें तिनें शेवटासाठीं राखून ठेवलें होतें. मीं आक्षेप घेतला कीं, शाप कळतांच आपण 'वचनीयां'तून सुटलों असें राजा म्हणतोच ना? ती कोश घेऊन बसली. वचनीय म्हणजे लोकांनीं ठेवलेला बोल. त्यांतून राजा सुटला हें खरें. पण पायां पडतांना ही सुटका त्यास ठाऊकच नव्हती. माझा आक्षेप आणि त्याचें हें उत्तर दोन्ही तिनें शेवटच्या परिच्छेदांत घातलीं, 'अशा रीतीनें' हे शब्द खोडले, आणि अखेरीस लिहिलें: शाप नसता, तर राजानें तिला ओळखलें असतें काय?

या वेळीं 'समारोप नाहीं' असा शेरा मीं मारला नाहीं.