जंगलाचा पैसा जातो कुठे?

जंगलातून निघणाऱ्या मालावर सरकार रॉयल्टी घेतं, परवान्याची अट घालतं, म्हणून जंगल शाबूत राहतं, असं बहुतेकांना वाटतं. 1927 च्या भारतीय वन कायद्याची उद्देशिका वाचली तर चित्र वेगळं दिसतं. वनांविषयीचे कायदे एकत्र करणं, वनोपजाची वाहतूक, आणि इमारती लाकूड व इतर वनोपजावरचं शुल्क, एवढेच विषय तिथे आहेत. जंगल राखण्याचा उल्लेखही नाही. 1864 मध्ये इंग्रजांनी वनखातं उभारलं, तेही मुख्यतः रेल्वेच्या स्लीपरसाठी लाकूड मिळत राहावं म्हणून. वन (संवर्धन) कायदा आला 1980 मध्ये. महसुलाची घडी आधी बसली, संवर्धन त्यात मागाहून घातलं गेलं.

दुसरा समज असा, की उद्योग रीतसर पैसे मोजतात आणि गावकरी फुकट ओरबाडतात. कर्नाटकातल्या दांडेलीच्या कागद गिरणीला सरकार बांबू टनामागे दीड रुपयाने देत होतं. टोपल्या विणणाऱ्या बुरडांना मात्र तोच बांबू बाजारभावाने घ्यावा लागे. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी हे अभ्यासून लिहून ठेवलं आहे. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं दाट जाळं असतं. बेट मोकळं झालं की चांगलं फोफावेल, असं मानून ते जाळं साफ केलं जाई. गावकऱ्यांचं म्हणणं उलट होतं, आणि तेच खरं निघालं: काटे गेले, कोवळे कोंब उघडे पडले आणि गुराढोरांनी ते फस्त केले. इतक्या स्वस्तात मिळणारा माल जपून वापरायची गिरणीला गरजच नव्हती. जाणकार माणसं शेजारच्या गावात होती, पण त्यांना विचारतो कोण?

परवान्याने झाड वाचतं, हा समजही तपासायला हवा. बांबू खरं तर गवत, पण कायद्याने तो वृक्षांत मोडे. त्यामुळे स्वतःच्या शेतातला बांबू नेण्यासाठीही शेतकऱ्याला टीपीसाठी, म्हणजे वाहतूक परवान्यासाठी, हेलपाटे घालावे लागत. मग तो लावणार कशाला? 2017 मध्ये वनक्षेत्राबाहेरचा बांबू या व्याख्येतून वगळला गेला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने त्याआधीच वेगळी वाट काढली होती. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली गावाला सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, तरी टीपीशिवाय बांबू हलवता येईना. अखेर एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत टीपीचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती आलं. वनहक्क कायद्याच्या 2012 च्या सुधारित नियमांनी परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे सोपवला. नियमन तिथेही आहेच. फरक एवढाच, की जंगल उजाड झालं तर ज्यांच्या पोटावर पाय येणार, त्यांच्याच हाती आता ते आहे.

सगळ्यात घातक समज भरपाईचा. खाणीसाठी जंगल दिलं तरी कंपनी पैसे भरते, त्यातून दुसरीकडे झाडं लागतात, मग हिशेब बरोबर, असं म्हटलं जातं. पर्यायी वनीकरणाच्या खर्चाशिवाय जंगलाचं ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ही भरावं लागतं. 2022 पासून त्याचे दर वर्गवारीनुसार हेक्टरी सुमारे 15.95 लाख रुपयांपर्यंत आहेत. राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांसाठी ते कितीतरी जास्त आहेत. बाकी ठिकाणी सर्वांत घनदाट, सर्वांत मोलाच्या जंगलाचा भावही चौरस फुटाला पंधरा रुपयांच्या आत येतो. शिवाय एका जातीची रोपं रांगेने लावली म्हणजे मोह, तेंदू, चारोळीचं रान परत येत नाही. कंपन्यांनी भरलेला हा पैसा पर्यायी वनीकरणाच्या ‘कॅम्पा’ निधीत जातो. 2016 च्या कायद्याप्रमाणे त्यातला 90 टक्के राज्याला आणि 10 टक्के केंद्राला मिळतो. 2019 मध्ये केंद्राने साठलेले 47 हजार कोटींहून अधिक रुपये राज्यांकडे वर्ग केले. ज्या गावाचं रान गेलं, त्याच्या ग्रामसभेसाठी या वाटणीत ठरलेला हिस्सा नाही. मला हा सरळ अन्याय वाटतो.

जंगल राखणाऱ्या राज्यांना काहीच मिळत नाही, हेही आता खरं नाही. केंद्रीय करांच्या वाटपात चौदाव्या वित्त आयोगाने वनाच्छादनाला 7.5 टक्के भार दिला, पंधराव्याने तो 10 टक्क्यांवर नेला. जगात इतक्या मोठ्या प्रमाणावर असं क्वचितच झालं आहे, आणि पाऊल योग्यच आहे. पण ती रक्कम राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जमा होते आणि जंगलावर खर्च करण्याचं बंधन तिच्यावर नाही. तिचा ठराविक वाटा थेट ग्रामसभांना देणं राज्यांच्या हातात आहे. महाराष्ट्राने त्याची सुरुवात गडचिरोलीपासून करावी.